फ्रेम का कापली, हे तुम्ही विचारलेत म्हणून

'एवढी जुनी फ्रेम तुम्ही कापलीत तरी कशी?' हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे की, समोरच्याने तोंड उघडण्याआधीच त्याची नजर, जुन्या अमेरिकन फ्रेमवर मी उभी केलेल्या सायकलच्या खालच्या दांडीवरील पितळी सांध्यांकडे वळलेली मला दिसते. ओहायोतल्या डेटन शहरात, जिथे मी राहते, तिथे हा प्रश्न इंग्रजीत येतो आणि मी 'टाकी बसत नव्हती' एवढे सांगून मोकळी होते. राइट बंधूंचे सायकलचे दुकान याच गावातले असल्यामुळे इथल्या प्रत्येकाला आपल्याला सायकलींतले कळते असे वाटते, आणि त्यातले अर्धे लोक या उत्तराने चिडून निघून जातात. परंतु मध्यंतरी पुण्यातल्या सायकलवेड्या मंडळींनी छायाचित्रे पाहून तोच प्रश्न मराठीत विचारला. त्याच्या जोडीला 'पेट्रोल लागत नाही तर सायकलला टाकी कशाला?' हाही विचारला. आणि काहींनी तर ही सायकल माझ्या यजमानांनी बनवली असणार असे गृहीत धरून प्रश्न परस्पर त्यांनाच पाठवला. त्यांना साधे पंक्चर काढता येत नाही. तेव्हा एकदाच सविस्तर लिहिते. चाकाचे आरे कसे बांधले, गंज कसा काढला, छर्रे कुठले घातले, हे तुम्हाला माझ्याइतकेच ठाऊक आहे, म्हणून ते वगळते.

टाकीचा प्रश्न सोपा आहे, तो आधी संपवू. शिकागोच्या श्विन कंपनीने पहिल्या महायुद्धापूर्वी एक्सेलसिअर आणि 1917 साली हेंडरसन, अशा मोटारसायकलींच्या दोन कंपन्या विकत घेतल्या होत्या, आणि महामंदीत, 1931 साली, तो सगळा व्यवसाय बंद केला. त्यानंतर 1933 मध्ये तिने 2.125 इंच रुंदीचे फुगीर टायर असलेली सायकल बाजारात आणली आणि 1934 मध्ये एअरोसायकल काढली, जिच्या दांड्यांमध्ये मोटारसायकलीसारखी दिसणारी पत्र्याची टाकी बसवलेली होती. तशा टाक्या त्याआधीच्या काही अमेरिकन सायकलींवरही होत्या. पण क्रूझर म्हणून आज आपण जिला ओळखतो त्या फुगीर टायरच्या अवजड सायकलचे रूप इथून पक्के झाले. या टाक्यांत पेट्रोल कधीच नव्हते. फार तर बॅटरी आणि भोंगा असे, आणि पुष्कळदा तेही नसे. ज्या मुलाच्या घरी मोटारसायकल येण्याची शक्यता नव्हती, त्याला निदान तिचा आकार तरी पायांमध्ये धरता यावा, एवढाच त्या टाकीचा उद्योग होता. टाकी खोटी आहे, हे मी मान्यच करते. पण ती काढून टाकली की मागे राहते ती एका गिअरची, चढावर जीव काढणारी, उलटे पायडल मारून थांबवायची एक अवजड सायकल, आणि अशा सायकलीसाठी कोणी हिवाळाभर गॅरेजमध्ये थंडीत उभे राहत नाही.

माझ्याकडे आलेली फ्रेम श्विनचीच, पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीची, वरच्या दांडीखाली दुसरी वाकलेली दांडी असलेली, जिला इथे कँटिलिव्हर फ्रेम म्हणतात. टाकी या दोन दांड्यांच्या मध्ये बसते. फ्रेमसोबत टाकी नव्हती, पुढचे चाक धरणारा चिमटा नव्हता, मडगार्ड नव्हते, हँडल तर कुठल्यातरी दुसऱ्याच सायकलचे होते. मूळ टाकी मिळते, पण तिची किंमत ऐकल्यावर माणूस गप्प बसतो. नव्याने केलेल्या नकलाही मिळतात, आणि त्या वाईट नसतात. मला मात्र धातूचे सगळे काम हाताने केलेले हवे होते. पुढच्या दिव्याचे कवच मी स्वतः लाकडी साच्यावर पितळेचा पत्रा ठोकून केले. पितळ ठोकता ठोकता कडक होते आणि मध्येच तापवून नरम केले नाही तर कडेला चिरते, हे मला बरेच पितळ वाया गेल्यावर कळले. चेनकव्हर मी केले, कॅरिअरच्या पट्ट्या मी वाकवल्या. घंटी काशाची आहे, म्हणजे साधारण 78 भाग तांबे आणि 22 भाग कथील. ती मी ओतलेली नाही, जुन्या बाजारातून आणलेली आहे, पण आवाजासाठी तिला माफ करावे.

टाकी माझ्या हातून होणारी नव्हती. तिचा फुगवटा लांबीतही आहे आणि उंचीतही आहे, पुढे ती रुंद आहे व मागे निमुळती होत जाते, आणि डावी बाजू उजवीसारखीच व्हावी लागते. त्यामुळे पुण्याला गेले तेव्हा पुठ्ठ्याचा साचा, मापांचा कागद आणि छायाचित्रे घेऊन कसबा पेठेतल्या तांबट आळीत गेले. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबटांची ही वस्ती, आणि बंब, घंगाळे, हंडे यांच्यावरचे मठारकाम ही तिची ओळख, हे पुणेकरांना सांगायला नको. जे पुणेकर नाहीत त्यांच्यासाठी एवढेच की, घासून गुळगुळीत केलेल्या हातोड्याने ठोक्याला ठोका लावून भांडे मठारतात, तेव्हा जी चमकणारी नक्षी उमटते ती लोकांना दिसते. मूळ हेतू मात्र भट्टीत तापून नरम पडलेले तांबे पुन्हा कडक करण्याचा असतो.

ज्यांच्याकडे गेले ते वयस्क कारागीर होते. त्यांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"काका, दोन बाजू करायच्या आहेत. वरून जोडलेल्या, खालून उघड्या. खालच्या दोन्ही कडा सायकलच्या दांडीवर बसतील."

"आणि आत काय ठेवणार?"

"काही नाही. जमलं तर भोंगा आणि बॅटरी."

"मग याला टाकी कशाला म्हणता, ताई? टाकी म्हणजे पाणी आलं."

मी हसले, तेही हसले, पैसे ठरले, आणि मी त्यांना आमचे बोलणे पटले आहे असे समजून निघाले. परत यायच्या आदल्या दिवशी आणायला गेले तेव्हा टाकी दुकानात पाटावर ठेवलेली होती आणि काठोकाठ पाण्याने भरलेली होती. काकांनी खालच्या उघड्या कडा आत वळवून, दात्यांचा सांधा घालून, झाळून तळ बंद केला होता. वरच्या खांद्याला एका बाजूला बंबासारखे छोटे तोंड काढून त्यावर घट्ट झाकण बसवले होते. आतून कल्हई केली होती. नवसागराचा वास अजून येत होता. रात्रभर पाणी ठेवून पाहिले, एक थेंब गळला नाही, असे त्यांनी मला सांगितले, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होते ते पाहून माझा राग काही क्षण तसाच लटकून राहिला.

मग मी चिडले. मी दिलेल्या नकाशाप्रमाणे का केले नाही, असे विचारले. "नकाशात चूक होती," ते म्हणाले. त्यांनी पाणी ओतून दिले, टाकीच्या पोटावर बोटाच्या पेराने टिचकी मारली आणि खालून उघडा पत्रा असता तर तो रस्त्यावर खडखडला असता, मठारताना त्याचा आकारही सुटला असता, तळ बंद केला म्हणून तो आता कुठेही वाजणार नाही, असे समजावून दिले. यातले तांत्रिक म्हणणे बरोबर आहे. श्विनच्या पोलादी टाक्या खालून उघड्या असूनही आकार धरतात, कारण पोलाद ताठ असते. पातळ तांबे तसे नाही. तळासाठी आणि कल्हईसाठी त्यांनी ठरल्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेतला नाही. मी देऊ केला, तेव्हा "ते तुम्ही सांगितलंच नव्हतं, त्याचे कसे घेऊ?" असे म्हणाले. "तळ नसलेलं भांडं या दुकानातून जायचं नाही, एवढंच," असेही म्हणाले.

डेटनला आल्यावर टाकी फ्रेमला लावून पाहिली. ज्या कडा दांडीला दोन्ही बाजूंनी मिठी मारणार होत्या त्या आता तळ झाल्या होत्या, आणि त्यामुळे टाकी दोन दांड्यांमधल्या जागेपेक्षा जवळजवळ 2 सेंटिमीटर उंच होती. दोनच मार्ग होते. टाकीचा तळ कापायचा, किंवा फ्रेमची खालची दांडी कापून 2 सेंटिमीटर खाली घ्यायची.

आता ज्या मित्राविषयी इथल्या मंडळींना सगळे माहीत आहे आणि तुम्हाला काहीच नाही, त्याच्याविषयी लिहावे लागेल. तो माझ्याहून बराच मोठा आहे. पत्रा दाबण्याच्या प्रेससाठी पोलादी साचे घडवण्यात त्याने उमेद घालवली आणि त्यातूनच निवृत्त झाला. झाळकामाच्या संध्याकाळच्या वर्गात तो हौसेने शिकवायला येई. तिथे आमची ओळख झाली. फ्रेम त्यानेच दिली होती. त्याच्या शेतावरच्या जुन्या कोठारात ती कित्येक वर्षे टांगलेली होती, आणि "पैसे नकोत, फक्त नीट उभी कर" एवढीच त्याची अट होती. टाकी बसत नाही हे मी त्याला लगेच सांगितले. मी कोणाच्या पाठीमागे काही केले, असे जे इथे बोलले जाते ते खरे नाही. तो गॅरेजमध्ये आला, टाकी हातात घेऊन दिव्याखाली बराच वेळ फिरवत राहिला, आणि काम उत्तम आहे असे म्हणाला. मग खिशातून पेन्सिल काढून त्याने तळाच्या कडेने सरळ रेघ मारली.

"इथे काप. तांबं आहे, कात्रीने होईल. कडा वळव, बसेल."

मी म्हटले की तळ कापला तर ते भांडे राहणार नाही. तो म्हणाला, भांडे हवेच कोणाला आहे? मी त्याला पाण्याची, कल्हईची, न घेतलेल्या पैशांची हकिगत सांगितली. त्याने ती नीट ऐकून घेतली. टाकी पुन्हा करता येईल, तो माणूस आहे, त्याचे दुकान आहे. पण ही फ्रेम करणारे शिकागोचे कामगार आता कुठे आहेत, असे त्याने विचारले. त्याला ते माहीत होते आणि मलाही: 1980 साली तिथे मोठा संप झाला, उत्पादन हळूहळू दुसरीकडे गेले आणि 1983 पर्यंत शिकागोत सायकली बनणे थांबले. कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली ती 1992 साली, पण फ्रेम जोडणारे हात त्याआधीच पांगले होते.

इथे मी जे बोलले ते मला आजही पटते, आणि तरीही ते बोलायला नको होते असेही वाटते. मी म्हटले की या फ्रेमा यंत्राने, विजेने पोलाद वितळवून आणि दाबून जोडल्या गेल्या. एकसारख्या हजारोंनी निघाल्या. आणि ही टाकी जगात एकच आहे, ती एका माणसाने हाताने केली आहे. त्यावर तो काही वेळ काहीच बोलला नाही. मग अगदी शांतपणे म्हणाला:

"प्रेसमधून पत्र्याचा तुकडा निघायला एक क्षण लागतो, खरं आहे. तो ज्या साच्यावर निघतो तो साचा करायला मला महिने लागत. शेवटचा हात कानशीने आणि दगडाने द्यायचा, बोट फिरवून पाहायचं, परत घासायचं. तुझ्या म्हाताऱ्याच्या हाताखालून एक टाकी निघते म्हणून ते हातकाम, आणि माझ्या साच्यातून हजार तुकडे निघाले म्हणून माझे हात मोजायचे नाहीत?"

मला उत्तर सुचले नाही. सुचले नाही म्हणून मी विषय बदलला, आणि कॅलिफोर्नियाची गोष्ट काढली. मॅरिन परगण्यातल्या फेअरफॅक्सजवळ 1976 पासून काही तरुण श्विन एक्सेलसिअरसारख्या जुन्या क्रूझर घेऊन डोंगरउतारावर शर्यती लावत. मागच्या चाकाचा ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या उताराला रिपॅक हे नाव पडले. त्यांनी त्या जुन्या सायकलींना गिअर लावले, मोटारसायकलचे ब्रेकचे दांडे लावले, फ्रेमा तोडल्या, मोडल्या, आणि 1977 मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझने स्वतःच नवी फ्रेम बांधली. माउंटन बाइक तिथून सुरू झाली. मी म्हटले, त्यांनीही जुन्या फ्रेमा जपून भिंतीवर टांगल्या असत्या तर?

"त्यांना डोंगर उतरायचा होता," तो म्हणाला. "तुला रिकामी टाकी बसवायची आहे."

नंतर त्याने पेन्सिल परत खिशात ठेवली. सायकल तुझी आहे, तुला हवे ते कर, पण मी ते पाहायला थांबणार नाही, असे म्हणून तो निघाला. जाताना गॅरेजचे दार त्याने नेहमीसारखे हळूच लावले. त्याने ते आपटले असते तर मला बरे वाटले असते.

त्या रात्रीच मी कापली. दुसऱ्या दिवसावर ढकलले असते तर कापली नसती, हे मला माहीत होते, आणि म्हणूनच ढकलले नाही. याला निर्णय म्हणायचे की हट्ट, यावर तुम्ही आपापसांत वाद घालू शकता. फ्रेम शिकंज्यात उलटी धरली होती. वरून ती गंजलेली, रंग उडालेली होती, आणि इथल्यांना मी आजवर सांगत आले ते हेच, की तिच्यात जपण्यासारखे काही उरले नव्हते. तसे नव्हते. खालच्या दांडीच्या पोटाकडून, जिथे ऊन आणि पाऊस पोचलेला नव्हता, तिथे मूळचा लाल रंग शाबूत होता, आणि त्या रंगावरून एक बारीक फिकट रेघ गेली होती. करवत अर्धी आत गेल्यावर, पाते घासते का ते पाहायला दिवा जवळ आणला, तेव्हा मला ती नीट दिसली. रेघ सांध्याजवळ किंचित जाड होत गेलेली होती आणि एका जागी हललेली होती. ती यंत्राने मारलेली रेघ नव्हती, असे माझे मत आहे. कोणीतरी ब्रश धरून, एकामागून एक येणाऱ्या फ्रेमांवर ती ओढली असणार, आणि या फ्रेमच्या वेळी त्याला कोणी हाक मारली असेल किंवा नुसताच हात थकला असेल.

तिथे थांबता आले असते. अर्धा काप पितळेने भरून, घासून, झाकता आला असता. मी थांबले नाही. कारण म्हणून जे काही आज लिहीन ते नंतर रचलेले असेल, त्यामुळे लिहीत नाही. दांडी दोन्ही टोकांना सुटली, तिच्यातून वाळलेला गंज भुकटीसारखा जमिनीवर पडला, आणि नवी दांडी वाकवून, टोकांना माशाच्या तोंडासारखा काप देऊन मी ती 2 सेंटिमीटर खाली पितळी काडीने झाळून बसवली. झाळकाम चांगले झाले आहे. ते ज्याने मला शिकवले त्यानेही ते पाहून चांगलेच म्हटले असते.

आता आक्षेपांची उत्तरे. फ्रेम कमकुवत झाली, हे चूक आहे. भार मुख्यतः वरची दांडी, तिरकी जाड नळी आणि सीटची नळी यांच्या त्रिकोणावर असतो. टाकीखालची दांडी त्यात हातभार लावते, पण फ्रेम तिच्यावर उभी नाही. सांधे रंगाखाली लपवता आले असते, हे खरे आहे, आणि लपवले असते तर हा प्रश्न मला कोणी विचारलाही नसता. मी ते उघडे ठेवले, घासून वर लाख चढवली, कारण उद्या ही सायकल ज्याच्याकडे जाईल त्याला कुठे काय बदलले ते शोधावे लागू नये. तांबे आणि पोलाद एकमेकांना टेकले तर पावसाच्या पाण्यात पोलाद झपाट्याने गंजते, हेही मला पुष्कळांनी ऐकवले. त्यासाठी मध्ये रबराच्या पट्ट्या आहेत. आधी चामड्याच्या होत्या, पण चामडे पाणी धरून ठेवते. टाकी दोन पितळी पट्ट्यांनी आवळलेली आहे, बाजूने सरकवून काढता येते. भोंगा सीटखाली गेला आणि दिव्यासाठी टायरला घासणारा, आपल्याकडे असे तसाच, 6 व्होल्टचा डायनॅमो लावला, त्यामुळे बॅटरीची गरजच राहिली नाही.

या सगळ्या उत्तरांत एक गोष्ट मी शिताफीने टाळते, ती म्हणजे माझीच जुनी मते. फ्रेम कापण्याच्या आधीच्या वर्षांत, इथल्या सायकलींच्या मेळाव्यांत, मूळ रंग घासून टाकणाऱ्या तरुणांना मी फार कडक शब्दांत सुनावलेले आहे. रंग कितीदाही देता येतो, पण कारखान्याचा रंग एकदाच असतो, हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवले की काही जण मला पाहून वाट बदलत. ती बाई आज माझ्यासमोर आली तर मी तिला काय सांगेन? मी सांगेन की, तू म्हणत होतीस ते जपण्याच्या वस्तूंना लागू आहे, आणि ही सायकल चालवण्यासाठी आहे. ती म्हणेल, चालवण्यासाठी टाकी लागतच नव्हती. मी म्हणेन, दोन जुन्या कामांपैकी एकावर करवत चालणारच होती. ती म्हणेल, टाकी जुनी कुठे होती, ती तर तू मागच्याच महिन्यात करून आणलीस. आणि फ्रेम जशी आहे तशी ठेवून बाजारातली नक्कल बसवली असतीस तर कशावरच करवत चालवावी लागली नसती. या शेवटच्या मुद्द्यावर ती जिंकते. मी फक्त एवढेच म्हणू शकते की, पाण्याने भरलेली टाकी पाटावर ठेवून तिच्याशेजारी उभे राहिलेले काका तिने पाहिलेले नाहीत.

पण मग मित्राच्या साच्यावर फिरलेले बोट तरी मी कुठे पाहिले होते? ज्याचा चेहरा पाहिला त्याचे काम वाचवले आणि ज्याचा पाहिला नाही त्याचे कापले, एवढाच जर हिशेब असेल, तर हाताने केलेल्या कामाबद्दल मी जे मोठे बोलत होते त्यात काही राम नाही. काही दिवस मला हे पटते. काही दिवस असे वाटते की ज्याचा चेहरा पाहिला त्याच्याशीच माणूस बांधील असतो, आणि शिकागोच्या त्या रंगाऱ्याचेही कोणाशी तरी असेच नाते असणार. ते निभावणे माझे काम नव्हते. यावर माझे मत ठरलेले नाही आणि ते ठरावे यासाठी मी फार प्रयत्नही करत नाही.

काकांना पूर्ण झालेल्या सायकलचे छायाचित्र पाठवले होते. त्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो 'पाणी भरून पाहिलंत का?' हाच. भरून पाहिले होते. सुमारे अडीच लिटर मावते आणि थेंबही गळत नाही. पाणी भरून मात्र मी ती फारशी चालवत नाही, कारण आधीच सायकल तीस किलोच्या घरात आहे. फ्रेम कापल्याचे त्यांना सांगितलेले नाही. त्यांना वाईट वाटेल म्हणून नव्हे. 'लोखंडच ना, मग त्यात काय?' असे ते सहज म्हणतील, आणि ते वाक्य मला त्यांच्या तोंडून ऐकायचे नाही.

मित्र आता आमच्या शनिवारच्या फेरीला येत नाही. त्याच्या गुडघ्यांचे निमित्त सांगितले जाते आणि गुडघे खरोखरच वाईट आहेत, त्यामुळे त्याचा दोष कोणाकडे किती, हे मोजता येत नाही. मध्यंतरी एका तिसऱ्या माणसाकरवी त्याने निरोप पाठवला: कापलेली जुनी दांडी टाकून दिली नसेल तर ती मला हवी आहे. टाकून दिलेली नाही. लाल रंग आणि ती हललेली रेघ खराब होऊ नये म्हणून कापडात गुंडाळून ठेवली आहे. त्याला ती कशासाठी हवी, हे निरोप्याला माहीत नव्हते. ती न्यावी, तर त्याच्या दारात उभे राहून काहीतरी बोलावे लागेल. पोस्टाने पाठवावी, तर ते त्याहून वाईट दिसेल. आणि खरे सांगायचे तर ती देऊन टाकण्याची माझी अजून तयारी नाही. फ्रेम का कापली हे तुम्ही विचारलेत म्हणून इतके लिहिले. दांडी द्यावी की नाही, हे मी तुम्हाला विचारत नाही.